कोंबूचा चीक

त्याच उन्हाळ्यात कळलं होतं — असंच म्हणालात ना आत्ता, कुमागाई सर? नाही, उठू नका. चहा घ्या. मला हळूहळू समजतं — आमची ही, फुमिनो, म्हणायची, यांना विनोद सांगितला तर हसू दुसऱ्या दिवशी येतं. म्हणजे बघा, बरोबर सांगतोय का — समुद्रातनं आम्ही जे शेवाळ काढतो, त्या कोंबूच्या चिकात ती गंधक लागलेली साखर. काचेच्या एका बशीत ती घातलीत, तर गाठीच्या पेशी वाढायच्या थांबल्या. तो फोटो तुम्ही इथंच, याच चटईवर दाखवलात. अन् दुसऱ्या बशीत, तीच साखर जास्त घट्ट घातलीत तेव्हा? जोमानं वाढल्या, हेही त्याच उन्हाळ्यात कळलं. तो फोटो नाही दाखवलात. काय — पक्कं नव्हतं? मग पहिलं तरी कुठं पक्कं होतं, सर?

फुमिनोला गाठीचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. हो, तिलाच. हाकोदातेच्या इस्पितळातली तारीखसुद्धा घेतली होती. मीच म्हटलं, कापाकापी कशाला, सर सांगतात ना — मीच म्हटलं. कोंबू जितका चिकट तितका चांगला, हे आम्हाला लहानपणापासनं ठाऊक — म्हणून थेंब मोजले नाहीत, रोज वाडगाभर घट्ट रस. उत्तम पानं विकली नाहीत, तिच्यासाठी ठेवली. नाक मुरडायची, प्यायची. ‘समुद्रात न नेताच बुडवताय मला,’ म्हणायची.

अन् तुम्ही आलात की उठून भाताचे गोळे वळायची, आत खारवलेलं आलुबुखार — तुम्हाला आवडतं म्हणून. शेवटच्या खेपेला तिनं विचारलं, आठवतं? ‘सर, विरघळेल ना हो गाठ?’ तुम्ही मान खाली घालून खात राहिलात. मला वाटलं, लाजले. एवढा शिकलेला माणूस, पण किती साधा. बाहेर तुमच्यासाठी कोंबूच्या दोन टोपल्या भरून ठेवल्या होत्या — त्या खडकावरच्या, ज्याची जागा मी सख्ख्या भावालाही दाखवली नाही. तुम्हाला दाखवली. त्या टोपल्या बंद होतील, म्हणून गप्प बसलात? — नका सांगू.

उद्या वर्ष होईल तिला जाऊन. नको, तिच्या फोटोपुढं उदबत्ती नका लावू. त्यापुढच्या घंटीलाही हात नको. आणलेला मिठाईचा डबा उचला.

चपला तिकडं आहेत. अन् जाताना अंगणात कोंबू वाळवायला पसरलेल्या गोट्यांवर पाय देऊ नका — त्यातलं गवत तिनं चाळीस वर्षं काडी-काडी वेचलंय.

कडेनं जा.