ऑपरेशनच्या खोलीत हुक्का ओढल्याबाबत

जळगाव, दि. १७ फेब्रुवारी १९९४

मी, झुलाल मगन बडगुजर, वय ४६ वर्षे, धंदा पिठाची गिरणी, रा. धरणगाव, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी वच्छलाबाई हिच्यासह राहतो. माझा मेहुणा अभिमन हा भडगावला असतो. तो स्वभावाने तापट आहे, परंतु बहिणीवर त्याचा जीव आहे.

वच्छलाबाई हिच्या पित्ताशयात खडे झाले होते. तिला जेवण झाले की कळा येत. या हिवाळ्यात तिने वांग्याचे भरीत तोंडात घातले नाही, यावरून त्रास किती होता ते समजावे. जळगाव येथील डॉ. भाईदास कुवर यांनी दुर्बिणीचे ऑपरेशन सुचविले. पोट फाडावे लागत नाही, चार लहान भोके पाडून काम होते, असे ते म्हणाले. माझ्या आईचे हेच ऑपरेशन जुन्या पद्धतीने झाले होते. तिच्याबद्दल मला जास्त सांगायचे नाही.

काल सकाळी वच्छलाबाई हिला आत नेले. जाताना ती म्हणाली, "भिऊ नका, मी येसच." मी व अभिमन बाहेर बाकावर बसलो. काही वेळाने आतून गुडगुड असा आवाज येऊ लागला. दाराला वर गोल काच आहे. अभिमनने टाचा उंचावून आत पाहिले व तो मला म्हणाला, "दाजी, डॉक्टर हुक्का पी ऱ्हायना. आनि टीव्ही देखी ऱ्हायना." म्हणजे डॉक्टर हुक्का ओढत आहेत व टीव्ही पाहत आहेत.

मी उठून पाहिले. आत अंधार केलेला होता. रंगीत टीव्ही चालू होता. डॉक्टर, त्यांचे मदतनीस व भूल देणाऱ्या बाई असे सर्वजण टीव्हीकडे पाहत होते. माझ्या पत्नीकडे कोणी पाहत नव्हते. खाली एका काचेच्या बाटलीत पाणी गुडगुडत होते व त्या बाटलीची नळी डॉक्टरांच्या बाजूला गेलेली होती. पाण्यावर पांढरा धूर होता. त्यामुळे मलाही तो हुक्काच वाटला. अभिमन पोलिसांना आणण्यास पळाला.

मी दार ढकलले. सिस्टर यशोदाबाई यांनी ते आतून धरले व थोडी फट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, मागे व्हा. बाहेरची धूळ आत येते."

मी म्हणालो, "डॉक्टर पोट सोडून टीव्ही बघताहेत."

त्या म्हणाल्या, "टीव्हीवर पोटच आहे."

मी विचारले, "कोणाचं?"

त्या म्हणाल्या, "तुमच्या घरच्यांचं."

त्यानंतर मी खाली बसलो. फरशी थंड होती.

बाटलीचे कारण सिस्टरांनी फटीतूनच सांगितले, ते असे. पोटात गॅस भरून ते फुगवतात. आत गरम तारेने कापताना मांस जळून धूर होतो व टीव्हीवर काही दिसत नाही. तो धूर एका भोकातून बाहेर सोडावा लागतो. तो खोलीत पसरला तर त्यातले बारीक कण सर्वांच्या छातीत जातात. म्हणून डॉक्टरांनी भोकाच्या नळीला बाटली जोडून धूर आधी पाण्यातून व मग कापसाच्या जाड घडीतून नेला होता. सिस्टर म्हणाल्या, "गिरणीत तुम्ही नाकाला फडका बांधता ना? हा फडका आम्ही पोटाला बांधला आहे." हे मला लगेच समजले.

एवढ्यात अभिमन हा हवालदार छगन सोनार यांना घेऊन आला. हाच जबाब तेच लिहून घेत आहेत. हवालदारांनी काचेतून पाहिले व ऑपरेशन थांबवा असा हुकूम केला. सिस्टर म्हणाल्या, "थांबवलं तर बाईंचं काय करू?" हवालदार काचेपासून मागे सरले. अभिमन दाराकडे धावला. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो व त्याला दोन्ही हातांनी धरले. त्यात त्याच्या शर्टाचा खिसा फाटला. मी त्याला मारलेले नाही. तो रडत होता. मीही रडत होतो, परंतु दार सोडले नाही.

पुढे डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी वाटीत हरभऱ्याएवढे खडे आणले होते व पत्नी सुखरूप असल्याचे सांगितले. हवालदारांनी डॉक्टरांच्या तोंडाचा वास घेतला. तंबाखूचा वास आला नाही. डॉक्टरांनी कापसाची घडी दाखवली. ती पिवळी-काळी झाली होती. अभिमनने ती हुंगली व लांब जाऊन बसला. मला हसू येऊ लागले व ते बराच वेळ थांबले नाही. डॉक्टरांनी मला पाणी पाजले.

संध्याकाळी वच्छलाबाई माझा हात धरून खोलीत चालली. माझी आई ऑपरेशननंतर चालली नव्हती. अभिमनने बहिणीला हुक्क्याची हकीकत सांगितली. ती पोट धरून हसली. सिस्टरांनी हसण्यास मनाई केली, तरी ती हसली. नंतर म्हणाली, "मन्हं पोट बठ्ठासनी देखं. मीच नही देखं." म्हणजे तिचे पोट सर्वांनी पाहिले, तिनेच नाही.

ऑपरेशन संपता संपता मी काचेतून पुन्हा पाहिले होते. म्हणून मी तिला सांगितले की, आतून सर्व तुकतुकीत व गुलाबी आहे, मी स्वतः पाहिले आहे. याशिवाय जे बोललो ते पोलिसांच्या कामाचे नाही.

अभिमनची डॉक्टरांविरुद्धची तक्रार गैरसमजातून झाली. ती व खिशाबाबतची माझ्याविरुद्धची तक्रार या दोन्ही तो मागे घेत आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला व मी ऐकला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. वाचताना हवालदार दोन ठिकाणी थांबले, ते हसण्यामुळे. मजकुरात चूक नाही.

समक्ष
(सही) छगन सोनार, हवालदार

जबाब देणार
(सही) झुलाल मगन बडगुजर