कोरगावचा नारळ

"‘पुतांनो, हा नारळ कोरगावच्या देवासमोर ठेवा आणि माझ्या नातवाचं नाव घ्या हां!’"

मोटारसायकलला टेकून सिद्धेश पाळी गावच्या म्हातारीची हुबेहूब नक्कल करत होता. प्रथमेश हसून लोळायचा बाकी होता. चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी थांबलेल्या रुक्मिणीला सगळं ऐकू येत होतं.

"तेरेखोलच्या किल्ल्यावर बसून खाल्ला, पण गोड होता हां!" प्रथमेश म्हणाला.

"गोवा घटक राज्य झालं, तरी वाटेत प्यायला पाणी नाही. मग नारळ फोडणार नाही तर काय करणार?"

"पाळीला घरी गेल्यावर विचारील ती म्हातारी."

"ठेवला म्हणून सांगायचं. देवाला रोज मिळतात नारळ."

"नातवाला काय झालंय रे, पुता?" रुक्मिणीने विचारलं.

"खाणीवर ट्रकाखाली आला, मावशी. अजून शुद्धीवर नाही."

"नाव काय त्याचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाबली काय रे?"

"नाही रे. दुसरंच काहीतरी होतं. कोण लक्षात ठेवतो, मावशी!"

फेरीबोट लागली. दोघे मोटारसायकल घेऊन चढले. रुक्मिणी मात्र मागे वळली. तिने दुकानातून शेंडीचा एक नारळ घेतला आणि ‘पाळीच्या म्हातारीचा नातू, पाळीच्या म्हातारीचा नातू’ असं पुटपुटत कोरगावची वाट धरली.