गोड्या पाण्याचं पिंप

मी मढचीच, बाय. माहेर खालच्या गल्लीत नि सासर वरच्या, म्हंजे लगीन झालं नि मी चार घरं वर आले, बस. बाप मच्छीमार, सासरा मच्छीमार, नि माझा घरवाला दामू, त्याची छोटी होरी नि होरीच्या पाठी लावायची मशीन. काय सांगू तुला, ती मशीन म्हंजे माझी सवतच. खालून खारं पाणी वढते, अंग थंड करते नि बाजूनं बारीक धार सोडते. धार पडली की आमी बोलतो, मशीन मुतते. हसू नको, समदा गाव तसंच बोलतो. धार बंद झाली की समजायचं, आत मीठ धरलं नायतर कचरा अडकला, आता तापून जाम होणार, वाट लागली.

नवी नवरी होते तेव्हा होरी निघाली नि मना किनाऱ्यावरून दिसलं, धार नाय. होरीत सासरा बसलेला, त्याच्यासमोर तसलं बोलू कसं? मंग पदर तोंडाशी धरून ओरडले, अवो, तिला होत नाय! समदं बंदर हसलं. दामूनं मशीन बंद केली, खाली पिशवी अडकलेली ती काढली. तेव्हापासून होरी आली की मशीनचा पाय पिंपात बुडवून गोड्या पाण्यावर चालवायची, आतलं मीठ धुवायचं, ते काम माझं. नि तो ओट्यावरून विचारणार, काय गं, तिला होते का? तेवढीच आमची थट्टा.

मंग दामूच्या किडन्या गेल्या. त्याला स्वताला व्हायची बंद झाली, बाय. एक दिवसाआड मालाडला नेते, तिथं मशीनवर रगत धुतात. डॉक्टर बोलला मीठ बंद नि पाणी वाटीनं मोजून. जलम खाऱ्यात गेलेला माणूस, त्याला मीठ बंद!

होरी आता दीर चालवतो, पण मशीन मीच धुते, नाय धुतली तर आतनं सडेल. एकदा पिंप भरत होते नि बघते तर दामू पाण्याकडंच बघतोय. बोलला, तिला यवढं पाजतेस, मना एक पेला दे ना गं. मी बोलले, नाय. कशी बोलले ते माझं मना ठाऊक. तो भिंतीकडं तोंड करून निजला.

आता पिंप घरामागं नेलंय. आवाज जातोच त्याला, पण विचारत काय नाय. लय रडू येते, पण करू काय? बस बाय, कालवण-भात खाऊन जा. देव तुझं भलं करो, नि घरच्या माणसाला पाणी नाय म्हणायची पाळी तुझ्यावर कधी न येवो.