समईतला बल्ब

न्हाय न्हाय मॅडम, आधी च्या घ्यायचा, मंग वर जायचं. पोरं बसलीत तर बसू द्या — सकाळपासनं बसलीत, आनखी धा मिनटांनी काय त्यांना मूळव्याध होनार न्हाय. आनि खरं सांगू? राग मानू नका. फायर ब्रिगेडचे अधिकारी येनार म्हनल्यावर आमाला वाटलं कोनी मिशीवाला साहेब येईल, म्हनून शाल आनली ती पार घोंगडीएवढी — आनि आलात तुमी! मी लगेच लडकूला, हा आमचा शिपाई, कानानं जरा कमी, त्याला बोल्लो, पळ, अंजूरफाट्यावरनं साडी घेऊन ये, बाईमानसाला शाल देऊन कसं चालंल? तो अजून हितंच उभा हाय बगा. अरे साडी! साडी! — जाऊ द्या. मी केसरीनाथ, ह्या शाळेचा अध्यक्ष. जागा आमच्या बापाची. दापोड्यात आता कोनाच्या शेतात भात पिकतो सांगा? सगळीकडं गोडाऊन पिकतंय. पन आमच्या बापानं त्यातला एक तुकडा विद्येला ठेवला. विद्येला म्हंजे वरचा मजला. खालचा भाड्यानं दिलाय, पन ते नंतर बोलू.

तर तुमच्या भाषनाचं. पोरांना सांगा, फायरमन व्हा — एकदम ब्येस्ट! सरकारी नोकरी, डिरेस, लाल गाडी, घंटी वाजली की अख्खा हायवे बाजूला. आनि आपल्या भिवंडीत दुसरा कुठला पन धंदा बसंल — निजामपुऱ्यात जाऊन बगा, किती पावरलूम बसले ते — पन तुमचा बसनार न्हाय, ही माझी ग्यारंटी. रोज कुठं ना कुठं धूर हायच. पोरींना पन सांगा, तुमी सोता समोर उभ्या हाय म्हनल्यावर त्यांना पटंल. फक्त एक करा — ते 'दोन जिने पायजेत, मागचा दरवाजा मोकळा पायजे' असलं काय बोलू नका. पोरांची जात लय वाईट हो. मागं ट्राफिकवाले येऊन हेल्मेटचं सांगून गेले, तर पोरं घरी जाऊन बापाच्या मोटरसायकलसमोर आडवी पडली! बापं माझ्या दारात भांडायला. आता तुमी दोन जिने सांगाल आनि उद्या एखादं शेंबडं पोरगं मला इचारंल, आजोबा, आपला दुसरा जिना कुठाय? हाय ना! जिना हाय की. त्यात भाडेकरूची खोकी हायत इतकंच. दाराची चावी? त्याच्याकडंच. मानूस लय देवभोळा, शनवारी येतो.

बाकी सेफ्टी आमच्याकडं टकाटक. ते लाल सिलिंडर हायत ना, ते कपाटात, कुलपात. बाहेर टांगले की पोरं खेळतात! दसऱ्याला काढतो, झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो, परत आत. आनल्यापासनं एकाला पन हात लावलेला न्हाय, नवेकोरे हायत. आनि वाळूच्या बादल्या, त्यांत रंजिताबाईंनी — आमच्या मुख्याध्यापिका — त्यांनी तुळस लावलीय. काय फोफावलीय म्हनून सांगू!

काय? पत्रिकेत? हां, दीपप्रज्वलन लिवलंय खरं, ते रंजिताबाईंनी जुन्या पत्रिकेवरनं उतरवलं — पन काडी ओढायची न्हाय हां मॅडम! तुमी फक्त बटन दाबायचं. समईत बल्ब बसवून घेतलेत, पाची वाती कशा भक्कन पेटतात! दीप तो दीपच, सरस्वतीला काय बल्ब चालत न्हाय? का म्हंजे? सेफ्टी! तुमी जे सांगायला आलात ते आमी आधीच करून बसलोय. ह्या इमारतीत आमी अगरबत्ती पन लावत न्हाय. खिचडी शिजवनारी ठकुबाई, तिची चूल पार रस्त्याच्या पलीकडं. मास्तरांनी बिडी ओढायची तर कंपाउंडाबाहेर जाऊन ओढायची. अख्ख्या तालुक्यात अशी दुसरी शाळा दाखवा मला! — न्हाय, आधीपासनं न्हाय, गेल्या शारदोत्सवापासनं. तवा खालीच, जिन्याच्या तोंडाशी, रांगोळी काढून समई मांडली, रंजिताबाईंनी काडी ओढली आनि भप्प! निळी आग अशी फरशीवरनं उंदरावानी पळत सुटली, गोडाऊनच्या दाराखाली शिरनार तेवढ्यात लडकूनं ओलं गोनपाट टाकलं. बाईंचा पदर गेला. पदरच हां, बाई हायत. मंग मी भाडेकरूला असा झापला म्हनता! तर तो बोल्ला, शेठ, थिनर है, उडता है, उसको कौन पकडेगा? बात तर बरोबर हाय. वाफेला काय कुलूप लावनार? म्हनून मंग आमीच काडीपेटी बंद केली. अक्कल लागते हो.

थिनर म्हंजे ते, रंगात घालतात ते. ड्रम हायत. किती ते मला इचारू नका, मी आत जात न्हाय, वासानं माझं डोकं चढतं. मला ब्लडप्रेशर हाय.

आवो, उठलात कुठं? च्या तसाच ऱ्हायला! वायरलेसवर काय बोल्लात मघाशी, आमाला पन कळू द्या. वास? हां, आज जरा जास्त येतोय — सकाळी एक ड्रम आडवा झाला, त्याला काय करनार. लडकूनं वर भुसा टाकलाय, आनि खास तुमच्यासाठी अत्तर शिंपडलंय. पाव्हन्याला वास येऊ नये, रीत असते. — अरे वा, तुमच्या लाल गाडीवरची शिडी! गॅलरीला लावली? लडकू, बग, डेमो सुरू झाला! जिन्यानं आननारच न्हाय का पोरांना? एकेकाला शिडीवरनं? ब्येस्ट, ब्येस्ट! थांबा, फोटोवाल्याला फोन लावतो. लावू नको? खिशात ठेवू? … बरं, ठेवला. बाहेर पन जातो, ढकलू नका, जातोय ना! रंजिताबाई का रडतायत पन? तुमच्या मानसांनी तोंडाला ते काय लावलंय? कोनी हसत पन न्हाय. मॅडम, हा डेमोच हाय ना? मॅडम?

आवो, ऐका, ऐका — पयल्या रांगेत गुलाबी फ्रॉकवाली बसलीय ना, ती आमची करिष्मा. माझी नात. तुमाला गुच्छ द्यायला मुद्दाम आनलीय आज. न्हाय, ह्या शाळेत न्हाय ती, तिला ठाण्याला घातलीय, तिथं हवा चांगली हाय — ते सोडा आता! तिला आधी उतरवा. बाकीची येतील मागनं, ती हितलीच हायत, त्यांना सवय हाय वासाची. असं काय बगताय माझ्याकडं? धोका हाय असं मी कुठं बोल्लो? मी एवढंच बोल्लो, तिला आधी घ्या. मॅडम, पाया पडतो तुमच्या — तिला आधी घ्या.