पायाजवळचं बटण

आई अंबाबाईपुढे मस्तक ठेवलं, आता तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवते. मंडळी, ऐका! एका कामात माणसाचा जीव जाऊ शकतो. त्याला सोपी, सुखरूप रीत तयार आहे. तरी जुन्याच रीतीनं ते काम करायला लावणारा – त्याला काय म्हणायचं? परंपरा राखणारा? सांगा ना!

आजचं आख्यान पुराणातलं नाही, अमेरिकेतलं आहे. हसा! डेट्रॉइट शहरात कॅडिलॅक नावाची मोटार बनायची. किती नेमकी? लंडनजवळ तीन गाड्या खोलल्या, भाग एकत्र कालवले, त्याच ढिगातून पुन्हा तीन जोडल्या – तिन्ही धावल्या!

पण सुरू कशी करायची? पुढून लोखंडी हँडल घालून, वाकून. सांगतात, एका पुलावर एका बाईची गाडी बंद पडली. एक भला माणूस मदतीला उतरला. हँडल उलटं उसळलं, जबड्यावर बसलं. त्यातच तो गेला. कारखाना चालवणाऱ्या म्हाताऱ्याचा मित्र होता तो! म्हातारा कारागिरांना म्हणाला, "आपल्या गाडीनं यापुढे माणूस मारायचा नाही. काहीही करा!" आणि १९१२ साली विजेवर सुरू होणारी गाडी आली.

पुढे तशीच एक आपल्या संस्थानात आली. पायाजवळ बटण – दाबा, निघा! ती चालवायचे केरबा ड्रायव्हर. माझे बाबा.

तरी दसऱ्याच्या मिरवणुकीत महाराजांचा हुकूम – हँडलच मारायचं! बाबा म्हणाले, "सरकार, बटण चालतंय की."

"केरबा, बटण कुणाला दिसतं? तू पुढं वाकलास की लोकांना कळतं, गाडी कुणाची आहे!"

मंडळी, घरात मिक्सर चालू असताना पाटा-वरवंटा कोण काढतं? काढतात! सुनेला वाकवायचं असलं की काढतात!

स्टिअरिंगवर एक लहान दांडी असते. हँडल मारण्याआधी ती मागे ओढून ठेवायची, नाहीतर हँडल उलटं येतं. बाबा हे कधी विसरले नाहीत. मागच्या दसऱ्याला मात्र फोटोसाठी सरकार स्वतः स्टिअरिंगवर बसले. गंमत म्हणून दांडीशी खेळले. पुढं वाकलेल्या बाबांना ते दिसलं नाही.

हँडल उसळलं. जबड्यावर. बाबा फरसबंदीवर पडले – आणि मागच्या रांगांत टाळ्या चालूच होत्या!

एकवीस दिवसांनी बाबा गेले. सरकार भेटायला आले. म्हणाले, "वय झालं होतं केरबाचं."

वय! गाडीचं वय बाबांपेक्षा जास्त. तिला मखमली झूल आहे!

परवा दसरा. राजवाड्यावरून निरोप आलाय, 'हँडल तुमच्याकडे राहिलंय, पाठवा.' नवे ड्रायव्हर धोंडीराम त्या खांबाला टेकून बसलेत. सकाळी मी त्यांना विचारलं, "धोंडीभाऊ, फिरवणार?"

"काय करू ताई? लोकांना आवडतं."

लोक! लोक म्हणजे कोण हो? सरकारांवर माझा राग आहे, तो मी लपवत नाही. पण वाकलेल्या माणसाला टाळ्या कुणी वाजवल्या? तुम्ही. आणि मी – लहानपणापासून, दर वर्षी, पहिल्या रांगेतून.

हँडल मी देणार नाही. ते दुसरं घडवून घेतील, लोहार पुष्कळ आहेत. टाळ्या मात्र तुमच्याकडूनच घ्याव्या लागतील. परवा धोंडीभाऊ गाडीपुढं वाकतील, तेव्हा मंडळी – हात खाली ठेवाल ना?