चाकावरची माती

दवाखान्यात माझ्या शेजारी एक पन्नाशीचं जोडपं नंबराची वाट पाहत बसलं होतं. बाई हळू बोलत होत्या, पण ऐकू येत होतं.

"तीन महिने कुंभारकामाच्या क्लासला जाताय. एक वाटीसुद्धा घरी आली नाही."

"चाकावर माती मधोमध बसतच नाही गं. भांडं वर येतं आणि कोसळतं."

"बाकीच्यांची होतात ना?"

"होतात."

"अहो, मंगळवारी मी आले होते तिथे. खिडकीतून पाहिलं. ती शिकवणारी बाई तुमचे दोन्ही हात धरून बसली होती."

"मग आत का नाही आलीस?"

"काय बघायला येऊ?"

"नवशिक्यांचे हात धरावेच लागतात."

"इतका वेळ? मला काय दूधखुळी समजता?"

"शिकवायला नव्हते धरले. हलू नयेत म्हणून धरले होते."

"काय हलू नये?"

"हात. उजवा जास्त हलतो. तिच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं म्हणे. तिनेच या डॉक्टरांचं नाव दिलं."

"आणि मला सांगितलंत, मान आखडलीये."

"तू घाबरली असतीस."

"परक्या बाईला आधी कळलं. मला आज, इथे, बाकावर."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

"पुढचा नंबर. पेशंटने एकट्यानेच आत यायचं."

"मीही येणार. हे डॉक्टरांपासूनसुद्धा लपवतील. उठा हो."