आत्तीनं सोडवलेले जीव

रंकाळ्याच्या बसमध्ये निशिगंधाच्या पुढच्या बाकावर दोन मित्र बसले होते. त्यातला एक रागानं लालबुंद झाला होता.

“आत्तीनं माझ्या समुद्रातल्या माशांच्या टाकीतली वाळू उपसली की! सहा इंचाचा थर, दोन वर्षं बोट लावलं नव्हतं मी.”

“धुतली असंल, अभ्या.”

“धुतली न्हाय! वाळूतलं किडं घाण खाऊन पाणी साफ ठेवतात. तिनं ते गाळून रंकाळ्यात सोडलं. म्हणं, जीव गाडून घातलाईस, पाप लागंल.”

“मग सुटलं की बिचारं.”

“समुद्राचं किडं गोड्या पाण्यात जगतात व्हय? मेलं सगळं! आणि आता मासं सोडायला निघालीय.”

“मरतील म्हणून सांगायचं की.”

“सांगितलं. तर बादलीसंगट मिठाचा पुडा घेऊन गेलीय, रंकाळ्यात टाकायला!”

“केवढा पुडा?” निशिगंधाच्या तोंडून निसटलंच.

“एक किलोचा!”